पायरू

कुंभारीच्या मायाक्काला सारं गाव येडी म्हणायचं. म्हणेना का! तळ्यावर मेंढरं नेली की ही बाई भलत्याच बोलीत बडबडायची. पण त्या येडेपणाचं मूळ वेगळंच होतं.

तळ्याकाठी शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे. पाण्यावर कुणाला नावानं हाक मारायची नाही, आसरा नाव धरून माणूस ओढतात, ही धनगरांची जुनी रीत. आता मायाक्का आणि तिची धाकटी बहीण चंद्रव्वा, दोघी दिवसभर मेंढरांमागं. हाका न मारता भागतंय होय? मग काय, पोरींनी आसरांची म्हणून बोलीच रचली! शिंपायचं ते पाणी म्हणून 'सिपी'. पिलू आणि कोकरू एक करून 'पुलकू'. आणि तळ्याच्या पायरीवर बसून हा खेळ सुरू झाला, म्हणून एकमेकींना हाक 'पायरू'.

पुढं चंद्रव्वा अक्कलकोटाकडं दिली. चराईवरून दोन्ही घरांत भांडण पेटलं आणि येणंजाणं कायमचं तुटलं. मायाक्काचे केस पिकले, पण एकच घोर मनातून हलेना. चंद्रव्वाला माझी याद असेल का?

त्या साली तिकडं पाऊस हटला, आणि अक्कलकोटाकडची मेंढरं होटगीच्या तळ्यावर आली. मायाक्काही तिथंच होती. पलीकडच्या काठावरून एक तरणी बाई ओरडली, "हुलकू! सिही, सिही!"

मायाक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुलकूचं हुलकू, सिपीचं सिही! लांबून ओरडताना ओठ मिटायला सवड कुणाला? 'प' झिजला होता, नुसता वारा उरला होता. ती धापा टाकत तळ्याला वळसा घालून गेली.

"कुटली गं ही बोली?"

"आसरांची की, आक्का. आमच्या धनगरवाड्यावर समदी बोलत्यात. लई जुनी हाय म्हनं."

लई जुनी! दोन शेंबड्या पोरींचा खेळ, आणि त्यात आता अख्खा वाडा बोलत होता. मायाक्काला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

"तुजी आई कोन?"

"चंद्रव्वा. मी गुरम्मा. अव्वा गेली आमची, औंदाच."

मायाक्का तिथंच काठावर बसली. म्हणाली, "मायाक्का असं नाव घ्यायची का गं कदी?"

"न्हाय बा."

तेवढंच. मायाक्का पदर सावरून उठली. गुरम्मा तिच्याकडं बघत राहिली. "तुमी अव्वाच्या हायरूच्या काय?"

"हायरू?"

"माहेर वो. अव्वानंच पाडलाय सबूद. पाण्याकडं बघून रडायची, हायरू हायरू करत. इचारलं तर म्हनायची, माजं माहेर हाय ते. तवापासनं आमच्यात सासरी निघालेली परत्येक पोरगी तसंच रडत्या."

पाण्यावर नावानं हाक मारायची नसते. चंद्रव्वानं रीत मोडली नव्हती. आणि मायाक्का इकडं कुंभारीत बसून होती, तेव्हा तिकडं अख्ख्या वाड्याच्या लेकी रडताना तिलाच हाक मारत होत्या.