हसली की पडते

चपलांच्या दुकानात काम करणाऱ्याला माणसं खालून कळतात, असं ती म्हणायची. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवायचे. सात नंबरचा पाय घेऊन आलेली बाई "मला सहाच लागतो, लग्नाआधीपासून सहाच" म्हणत घाम फुटेपर्यंत टाच कोंबणार, आणि शेवटी दोष कुणाचा, तर बुटाचा. ती हसू आवरत दुसरा खोका काढायची आणि तो सगळा प्रकार घरी घेऊन यायची. दारातच लेक विचारायची, "आज कोण आलं होतं?" की पिशवी खाली ठेवायच्या आत नकला सुरू. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलायचा बेताचंच, पण नकलांच्या वेळी तोही हातावरचं ग्रीस धुऊन मुकाट्याने समोर येऊन बसायचा.

लेकीचं घरातलं नाव बबडी. आठव्या वर्षी बबडी पडायला लागली. ताप नाही, चक्कर नाही, पाय घसरला म्हणावं तर तेही नाही. उभ्या उभ्या जबडा सैल पडायचा, मान कलायची, गुडघे मुडपायचे आणि पोरगी जमिनीवर. जरा वेळाने उठायची आणि आपल्या उद्योगाला लागायची. भरीला भर म्हणून वर्गात झोपा. फळ्याशी बोलावलं तर हातात खडू घेऊन पेंगायची.

जो तो आईला विचारायचा, "काय झालंय हिला?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. विचारणाऱ्यांकडे मात्र तयार असायचं. जाऊ म्हणाली, अशक्तपणा. शेजारीण म्हणाली, लाड. आणि वर्गाच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नाटकं छान करते हो तुमची मुलगी." बबडीने त्या दिवसापासून शाळेतलं काही सांगणंच सोडलं.

पहिल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली. बाटली संपली, पडणं चालूच. दुसऱ्यांनी मेंदूचा आलेख काढला. तो चांगला आला, तरी फिट असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि मुलीला दंगा करू देऊ नका असं बजावलं. गोळ्यांनी पोर आणखीच झोपाळली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिसरे म्हणाले, "ताई, काही मुलं लक्ष वेधून घ्यायला असं करतात. दुर्लक्ष करा." दुर्लक्ष करायला आई काय गल्ल्यापलीकडे न बघणारी दुकानाची मालकीण होती? पण डॉक्टरांना तरी किती बोल लावणार? त्यांच्यापुढे बबडी कधी पडलीच नाही. दवाखान्यात ती हात मांडीवर ठेवून गंभीर बसायची. आईबाप तिच्याहून गंभीर.

घरही आता दवाखान्यासारखंच झालं. दंगा नको म्हणून टीव्ही बंद, चुलत भावंडांना बोलावणं बंद, आणि हळूहळू नकलाही बंद. संध्याकाळी बबडी विचारायची, "आज कोण आलं होतं?" आई म्हणायची, "कुणी नाही गं. जेव." आणि खरंच, तशा घरात बबडी फारशी पडेना. गोळ्या लागू पडल्या असंच सगळ्यांना वाटलं.

मग एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले. नवे बूट घालून त्यांनी दुकानभर चालून पाहिलं, आरशात पाहिलं, उड्या मारून पाहिलं, आणि तसेच रस्त्यावर गेले. दहा मिनिटांनी धापा टाकत परत आले, आणि दारातच ओशाळून उडाले, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की आपले जुने बूट इथेच आहेत आणि नव्यांचं बिल खिशात नाही. त्यांची ती ओशाळलेली उडी तिला काही केल्या पोटात ठेवता येईना. जेवणं झाल्यावर तिने उठून ती करून दाखवली.

बबडी खळखळून हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती तशी. आणि हसता हसता तिचा जबडा सुटला, मान कलली, आणि ती ताटांशेजारी आडवी झाली.

आई उडीच्या पवित्र्यातच थिजली. हे आपण केलं, हा पहिला विचार. दुसरा विचार मागोमागच आला. वाढदिवसाच्या खेळात पडली तेव्हा काय चाललं होतं? हसणं. मामाने गुदगुल्या केल्या तेव्हा? हसणं. वर्गात बाईंना शिंक आली तेव्हा?

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ही हसली की पडते."

नवरा उठला, घरातल्या सगळ्या उशा आणि गाद्या जमिनीवर पसरल्या, बबडी सावरल्यावर तिला मधोमध उभं केलं आणि बायकोला म्हणाला, "परत कर."

तिने परत केलं. बबडी परत पडली, आणि गादीवरून उठताना म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. नेहमीच येतं. फक्त हलता येत नाही." म्हणजे आजवर तिच्या अंगावर वाकून लोक जे जे बोलले, ते तिने शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिने डॉक्टरांचा पिच्छाच पुरवला. गंमत अशी, की "हसली की पडते" असं सांगितलं की समोरचा माणूसच हसायचा. मोबाईलवर चित्रण करून नेलं, तर बबडीला सावरायला धावताना कॅमेरा नेमका छताकडे वळलेला. एक डॉक्टर ते बघून कौतुकाने म्हणाले, "हसतेय की छान." तिसऱ्या डॉक्टरांकडे ती पुन्हा गेली आणि चिठ्ठी दिल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही म्हणाली. त्यांनी सुटका करून घ्यायला म्हणून का होईना, मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. त्यांची वेळ मिळता मिळता ऋतू बदलला.

हे तज्ज्ञ भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाक्यावाक्याला "म्हणजे कसं आहे बघा" म्हणायचे, चष्मा काढून फुंकर मारायचे, तो कपाळावर चढवायचे आणि मग टेबलभर शोधायचे. बबडीचे डोळे, हात, गुडघे, सगळं तपासून झालं. सगळं व्यवस्थित. "म्हणजे कसं आहे बघा," ते म्हणाले, "माझ्या मनात एक शंका आहे. पण असं पडणं मला एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं तर बरं. पुढच्या वेळी बघू." आणि त्यांनी फाईल मिटली.

पुढची वेळ म्हणजे पुढचा ऋतू. आई उठून उभी राहिली. एवढ्या खटपटीने गाठलेला माणूस, त्याला राग आला तर सगळंच मुसळ केरात. नवऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, त्याला काय ते कळलं, आणि तो गुपचूप बबडीच्या पाठीशी जाऊन हात पसरून उभा राहिला.

"डॉक्टर, माफ करा हं," ती म्हणाली. आणि तिने नसलेला चष्मा काढला, त्याच्यावर फुंकर मारली, तो कपाळावर चढवला. "म्हणजे कसं आहे बघा," ती हुबेहूब त्याच आवाजात म्हणाली आणि डॉक्टरांचं टेबल चाचपायला लागली. ड्रॉवर उघडून पाहिला. फाईल उचलून खाली पाहिलं. शेवटी खुद्द डॉक्टरांनाच विचारलं, "माझा चष्मा पाहिलात का हो?"

शेजारी उभ्या असलेल्या नर्सने तोंडावर हात धरला. बबडीने आधी घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चष्मा त्या क्षणी कपाळावरच होता. मग मात्र तिला राहवेना. ती हसली, आणि बापाच्या हातांतून ओल्या कपड्यासारखी घसरली.

डॉक्टर खुर्ची मागे ढकलून थेट जमिनीवर बसले. तिचे डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मघाशी टणकन उडालेला पाय आता ढिम्म हलेना. मग ते तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "जांभळा हत्ती." थोड्या वेळाने बबडीने डोळे नीट उघडले तेव्हा त्यांनी विचारलं, "मी काय म्हणालो?"

"जांभळा हत्ती," बबडी म्हणाली.

डॉक्टर जमिनीवरच बसून राहिले, आणि लहान मुलासारखे खूश झाले. "बाई, तुम्ही रागावू नका," ते आईला म्हणाले, "पण याहून चांगली तपासणी माझ्या खोलीत आजवर झालेली नाही."

बाकीच्या तपासण्या रीतसर झाल्या. डोक्याला तारा लावून बबडीला रात्रभर झोपवलं, दिवसाही झोपवलं. निकाल घ्यायला तिघं गेली तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं. हा आजार मुळातून जात नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण औषध आहे, पडणं पुष्कळ कमी होईल, वर्गात जागंही राहता येईल, आणि फिटच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या. शाळेला पत्र ते स्वतः देणार होते.

बबडी त्या कागदावर वाकली होती. ती म्हणाली, "मग मी नाटक करत नव्हते ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही."

खाली उतरताना आईला रडू फुटलं. नवऱ्याने खिशातून फडकं काढून दिलं, तिने ते डोळ्यांना लावलं, आणि त्यातलं सगळं ग्रीस तिच्या नाकागालांवर उमटलं. बबडीने वर पाहिलं आणि ती हसायला लागली. आईला हसू, नवऱ्यालाही हसू. बबडीचे पाय गेले. दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं आणि तिघंही मधल्या पायरीवर बसली. पाय परत येईपर्यंत बसायचं, त्यात काय एवढं. हसणं कुणीच थांबवलं नाही.

वरून एक बाई उतरत होत्या. त्या काळजीने थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय झालंय हिला?"

आईने ग्रीसने माखलेला चेहरा वर केला. "नार्कोलेप्सी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "आणि हसल्यावर पडते ना, त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. बसा ना दोन मिनिटं, सगळं सांगते."