फादरांची चिठ्ठी

मंडळी, आज सकाळी मी अगदी बिनकामाचा ठरलो.

आमच्या चर्चचे फादर गेल्या महिन्यात वारले. ते हॉस्पिटलला चिठ्ठी लिहायचे आणि गरिबाचं ऑपरेशन फुकट व्हायचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या शांताबाईंनी भीतीपोटी गुडघ्याचं ऑपरेशन लांबवलं, पण फादरांनी दिलेली चिठ्ठी वर्षभर जपून ठेवली.

आज त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली. "फादर तर गेले ना? मग आता दुसऱ्या कुणाची तरी आणा."

बाहेर आल्यावर शांताबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही खराडीच्या कंपनीत एवढे मोठे साहेब. तुम्हीच लिहा की!"

पेन खिशातच होतं. पण लिहू कुणाला? मला 'नाही' म्हणताना ज्याची जीभ अडखळेल, असा एकही माणूस अख्ख्या पुण्यात माझ्या ओळखीचा नाही.

तुमच्या ओळखीचा आहे?