बॅटरीखालची चिकटपट्टी

डहाणूचं नाव निघालं की लोकांना चिकू आठवतात. मला एक चिकटपट्टी आठवते आणि अजूनही थोडी लाज वाटते.

साल २०१६. मी त्या भागात सहायक पोलीस निरीक्षक होतो. नोकरीतली ती वर्षं सुखाची. दुपारी ठाण्याच्या आवारात खारा वारा यायचा, आमचे हवालदार अर्ध्या तक्रारी गुजरातीत ऐकून मराठीत लिहायचे आणि सगळ्या भांडणांवर चहा हा एकच उतारा होता. अशाच एका दुपारी डहाणू रोड स्टेशनजवळचा एक कापड दुकानदार तणतणत आला. नवीन मोबाईल घेतल्यावर जुना त्याने घरच्या कपाटात ठेवला होता, तो चोरीला गेला होता. फोन जुना असला तरी तक्रार तक्रारच. आम्ही बिलावरून फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, शोधाला लावला.

चार दिवसांत माहिती आली. फोन महामार्गावरच्या चारोटीला चालू होता आणि त्यातलं सिमकार्ड डहाणू रोडच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या बाईच्या नावावर होतं. त्याच सुमारास आमच्या खबऱ्यानेही कळवलं होतं, की चारोटीच्या पुलाखाली झोपणाऱ्यांकडे एकाएकी टच फोन दिसू लागलेत आणि ते सगळे याच बाईच्या दुकानातून येतात. दोन टोकं जुळली. मी मनातल्या मनात टोळी पकडूनसुद्धा टाकली.

पुलाखाली फोन सापडला तो एका म्हाताऱ्या मजुराकडे. मागचं झाकण उघडून बॅटरी काढली, तर आयएमईआय छापलेल्या जागेवर बरोबर पांढरी चिकटपट्टी. क्रमांक झाकायला दुसरं काय कारण असणार? पट्टीवर निळ्या शाईने काही आकडे होते, ते आम्ही दुरुस्तीचा नंबर समजलो. पट्टी काढून पंचनाम्याला जोडली आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणून बसवलं. दरडावून विचारलं तरी एकच उत्तर, ताईने दिला. चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लागेल म्हणालो, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. त्याची काळजी वेगळीच होती.

"साहेब, पोरीकडं हाच नंबर हाय. तिचा फोन आला तर उचलाल ना?"

मी फोन बंद करून मुद्देमालाच्या पाकिटात घातला.

कायद्याने बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नव्हतं, म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच तिच्या दुकानात गेलो. बाई नरपडची, मासेमारी करणाऱ्या घरातली, चाळिशीची. आम्हाला बघून तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, पण घाबरली नाही. लोकांच्या घरातले पडीक फोन ती मागून आणायची, दुरुस्त करायची, लॉक काढायची आणि ज्यांना घर नाही त्यांना फुकट द्यायची. सिम तुझ्या नावावर का, असं विचारलं तर म्हणाली, त्यांच्याकडे ना कागद ना पत्ता, त्यांना कार्ड कोण देणार? मी नियम सांगितला, तिने मान डोलावली. मग मी हुकमाचं पान टाकलं. आयएमईआय का झाकलास?

"साहेब, पट्टी काढलीत, पण वाचलीत का?"

आकडे आम्ही मोजलेसुद्धा नव्हते. ते दहा होते. म्हाताऱ्याची मुलगी तलासरीकडे दिली होती, तिचा नंबर.

"बाहेर लावली तर घामानं पुसून जाते. आत टिकते. माणूस कुठं पडला, तर कुणाला कळवायचं ते लिवलेलं असावं."

मग तिने भावाचं सांगितलं. तो गुजरातच्या एका बंदरावर कामाला गेला आणि तिथेच रस्त्यावर वारला. खिशात फोन होता, पण लॉक कुणाला उघडता आलं नाही. तिथल्या पोलिसांनी बेवारस म्हणून अंत्यविधी उरकून टाकला. घरचे शोधत पोहोचले सात महिन्यांनी. तेव्हा हातात प्रेताचा एक फोटो मिळाला आणि तो फोन.

"लॉकच्या ठिपक्यांवर इंग्रजी एल काढायचा होता साहेब, बाकी काय नाय. मी दोन मिनटांत उघडला."

दुकानदाराचा फोन कुठून आला, तेही तिने सांगितलं. त्याच्याच घरून. मी तडक त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पदर सावरत कबूल केलं, की फोन तिनेच दिला. कपाटात पडून तो काय अंडी घालणार होता? नवरा ठाण्यात गेल्यावर मात्र तिची बोलायची हिंमत झाली नाही. दुकानदाराने खाली मान घालून तक्रार मागे घेतली. म्हाताऱ्याला मी स्वतः फोनसकट जीपने चारोटीला सोडलं आणि वाटेतच त्याच्या मुलीला फोन लावून दिला. बाप लेकीशी इतक्या जोरात बोलत होता, की आमचा ड्रायव्हर हसत होता.

मला मात्र हसू आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी बाजारातल्या बाकावर एक तरुण मृत सापडला होता. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, फोटो, सगळं रीतसर केलं होतं. ओळख पटली नाही म्हणून अंत्यविधीही आम्हीच केला. त्याच्या खिशातला फोन लॉक होता. तो मुद्देमालाच्या खोलीत पडून होता आणि त्या कागदांवर सही माझी होती.

वरिष्ठांची लेखी परवानगी काढून मी तो फोन बाईच्या दुकानात नेला. तिने चार्जिंगला लावला आणि दहाएक मिनिटांत उघडून माझ्या हातात दिला. पहिलंच नाव होतं, 'आई'. मी माझ्या फोनवरून लावायला हवा होता. घाईत त्याच फोनवरून लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोल रे बाळा. किती दिवस फोन बंद ठेवलास?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी अट्टल गुन्हेगारांना बोलतं केलं. त्या दिवशी मी फोन बाईपुढे धरला. बाईने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिकडच्या आईला विचारलं, "मावशी, तुमच्याजवळ घरात कोण हाय? त्यांना आधी बोलवा."

आम्ही त्याला बेवारस लिहिलं होतं आणि त्याची आई दोन महिने रोज फोन लावत होती.