शेजारच्या अंगणातली जास्वंद

शनिवारी दुपारी आम्ही तो सिनेमा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. एका ब्लॅक मुलाची गाडी पोलीस थांबवतात, तो लायसन्स काढायला खिशात हात घालतो आणि ते गोळी झाडतात. पुढे त्याची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. पुण्याहून आलेले सासरे चष्मा सावरत सबटायटल्स वाचत होते. "खरंच असं होतं?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "बाबा, ते अमेरिकेत. हे कॅनडा आहे." मला काही ते पटलं नाही. बॉर्डर ओलांडली की पोलिसांची मनं काय धुऊन निघतात?

मला धास्ती सासऱ्यांचीच होती. त्यांना रोज पूजेला ताजी फुलं लागतात, आणि इथे कॅनडात, रिचमंड हिलमध्येही ती ते दुसऱ्यांच्या अंगणातून तोडतात! जन्मभर सोसायटीतल्या कुंपणाबाहेरच्या फांद्या वाकवलेला माणूस. म्हणे, देवाच्या फुलांत कसली चोरी. शेजारच्या ब्लॅक मास्तरांकडे जास्वंदीच्या जातीचं झाड होतं. 'हवी तेवढी घ्या,' असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण समोरच्या घरातली बाई खिडकीतल्या ब्लाइंड्सची पट्टी बोटाने वाकवून बघत बसते, ते मी पाहिलं होतं. "बाबा, निदान हात खिशात घालू नका," मी बजावलं.

"तू फार संशयी झालीयेस, सूनबाई."

झालेय तर झालेय.

सोमवारी सकाळी चहा गाळताना खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली. मी तशीच चपला घालून धावले. सासरे झाडापाशी उभे, समोर पोलीस, आणि बाबांचा हात जॅकेटच्या खिशात. "बाबा, हात बाहेर काढा. हळू." हात बाहेर आला, त्यात फुलं. पोलीस हसला. कुणीतरी फोन केला होता म्हणे, अनोळखी माणूस घराभोवती फिरतोय म्हणून. कुणीतरी! मी समोर बघितलं. ब्लाइंड्स अगदी सरळ होत्या, मला संशय यावा इतक्या सरळ.

तेवढ्यात मास्तर कॉफीचा मग घेऊन दारात आले. "मीच त्यांना फुलं घ्यायला सांगितलंय," ते म्हणाले.

पोलिसाचं हसू मावळलं. "तुम्ही इथे राहता? आयडी दाखवा."

सासऱ्यांना त्याने नावसुद्धा विचारलं नव्हतं. मास्तरांनी कॉफीचा मग पायरीवर ठेवला, दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि म्हणाले, "पाकीट मागच्या खिशात आहे. उजव्या हाताने काढतो. चालेल?" शांतपणे, पाठ असल्यासारखं. स्वतःच्या दारात. मला रडू फुटेल असं वाटलं, आणि रागही आला, कुणाकुणाचा ते सांगता येणार नाही.

घरी येताना सासरे म्हणाले, "पोलीस सभ्य होता हो."

"तुमच्याशी," मी म्हटलं.

संध्याकाळी मास्तर वाडगाभर फुलं घेऊन आले. "रोज सकाळी मी दारात आणून ठेवीन," ते म्हणाले. "पण बाबांना माझ्या अंगणात पाठवू नका. फोन त्यांच्यामुळे जातो, पण पोलीस आले की चौकशी माझी होते."

मी सासऱ्यांना ते मराठीत सांगितलं. त्यांनी मान खाली घालून वाडगा घेतला. "उद्यापासून फुलं नकोत म्हणावं," ते म्हणाले, "माझ्या पूजेपायी त्यांना त्रास नको." त्या दिवसापासून त्यांच्या पूजेत नुसत्या अक्षता असतात.