‘ब्रे’पाशी अडलेला लेख

शरयू ठोसरचा आवाज आधी येतो आणि शरयू मागाहून. आमच्या डब्लिनमधल्या, म्हणजे अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनमधल्या, मराठी मंडळाच्या मीटिंगला ती बाहेर गाडी लावत फोनवर बोलत असते, तेव्हाच आतली माणसं खुर्च्या सावरून बसतात. नागपूरची मुलगी, वर्क व्हिसावर ओहायोत आली, एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून चिकटली आणि इथलीच झाली. ‘होणारच’ हा तिचा लाडका शब्द. हॉलचं बुकिंग असो, शंभर माणसांच्या पुरणपोळ्या असोत, की बर्फात अडकलेली गाडी असो, ती त्याच सुरात ‘होणारच’ म्हणते. चिडायला होतं ते यामुळे की ते खरंच होतं.

चारचौघांत स्वतःची तारीफ करताना ती अजिबात लाजत नाही. "माझी लायब्ररी जगभर वापरतात," असं तिनं पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाईंनी गावोगाव ग्रंथालयं काढली आहेत. पण ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅमर लोक रोज लागणारी कामं एकदाच नीट लिहून ठेवतात आणि ती आयती इतरांना वापरायला देतात, त्या संचाला ते लायब्ररी म्हणतात. शरयूची लायब्ररी कुकी सांभाळते. कुकी म्हणजे वेबसाइटनं तुमच्या ब्राउझरच्या खिशात सरकवलेली चिठ्ठी. पुढच्या वेळी तुम्ही आलात की साइट ती चिठ्ठी वाचते आणि तुम्हाला ओळखते. चिठ्ठी ठेवायची, वाचायची, पुसायची, एवढंच काम, पण त्यात खोड्या फार. पुसायची असेल तर ती नेमकी कुठल्या पत्त्यावर ठेवली होती ते सांगावं लागतं, नाहीतर पुसलीच जात नाही. एका थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अशाच एका न पुसल्या जाणाऱ्या कुकीवर वैतागून तिनं आपली लायब्ररी लिहायला घेतली. नवरा ईशान त्या सुट्टीत एकटाच सासुरवाडीच्या पाहुण्यांना धबधबा दाखवून आला.

मंडळाची वेबसाइटही अर्थात तिचीच, आणि दिवाळीच्या स्मरणिकेचा संपादक मी. गेल्या वर्षी लोकांनी लेख सरळ साइटवर लिहावेत अशी सोय तिनं केली. अर्धा लेख लिहून उठलात तरी हरकत नाही, साइट आपोआप जपून ठेवणार आणि कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘जतन झालं’ असं सांगणार. कुणी हौशी लेखक "माझं लिहिलेलं गेलं" म्हणाला, तर शरयू त्याला म्हणायची, "तुम्ही विसरला असाल. माझी साइट विसरत नाही."

आमच्याच रस्त्यावर रुपाली राहते, आणि तिच्याकडे तिचे वडील, मोहनकाका. काकू, म्हणजे पद्मिनीकाकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काकांचा दिवस एका गोष्टीभोवती फिरायचा. दुपारी कोपऱ्यावर शाळेची पिवळी बस यायची आणि नात अनन्या उतरायची. लहान मुलांना घ्यायला घरचं मोठं माणूस उभं नसेल, तर ड्रायव्हर उतरू देत नाही. ते मोठं माणूस म्हणजे काका. कानटोपी चढवून बस यायच्या कितीतरी आधी ते कोपऱ्यावर हजर असायचे.

मी त्यांना काकूंवर लेख लिहायची गळ घातली. काकू या वयात, या देशात येऊन गाडी चालवायला शिकल्या होत्या, त्यावर. काका खूश झाले. रोज दुपारी दोन बोटांनी मराठी टाइप करायला बसू लागले. पण संध्याकाळी रुपालीला दाखवायला लॅपटॉप उघडावा, तर स्क्रीनवर एकच परिच्छेद. काका म्हणायचे, "अगं, मी पुढचं लिहिलं होतं. चांगलं पानभर लिहिलं होतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लेख दरवेळी एकाच ठिकाणी थांबलेला असायचा: ‘रुपाली ओरडली, पण पद्मिनीनं ब्रे’. पुढं काही नाही.

रुपालीनं त्याचा अर्थ लावला. आईची आठवण आली की बाबा तिथंच थांबतात, आणि लिहिलं असं त्यांना नुसतं वाटतं. ती घाबरली. तिच्या जागी कुणीही घाबरलं असतं. न लिहिलेली पानं ज्याला आठवतात, त्याच्या भरवशावर पोरगी बसस्टॉपवर कशी सोडायची? तिनं अनन्याला शाळा सुटल्यावर शाळेतच थांबायची व्यवस्था केली. काकांनी वाद घातला नाही. वाईट ते हेच. बस जायच्या वेळेला मी कुत्र्याला फिरवायला निघायचो, तेव्हा ते खिडकीत उभे दिसायचे. एकदा मला म्हणाले, "गुरुनाथ, मला सगळं स्पष्ट आठवतं हो, लिहिलेलं. पण वेड्याला कुठं कळतं की तो वेडा आहे?" मी घरी येऊन शरयूला फोन लावला.

"साइटमध्ये काही गडबड असेल का?" मी विचारलं.

"काय बोलून राहिले तुम्ही!" शरयू तापली की नागपूर गाठते. "माझी साइट आहे ती. येते शनिवारी. दाखवते तुम्हाला."

शनिवारी ती आली ती साइट निर्दोष आहे हे सिद्ध करायलाच. रुपालीनं दार उघडलं आणि हळूच तिला सगळं सांगितलं, ते ‘ब्रे’पाशी थांबणंही. शरयूनं बूट काढता काढता मान वर केली.

"रोज ‘ब्रे’च? एक अक्षर पुढे नाही, मागे नाही?"

"रोज. मला वाटतं आईची आठवण..."

"रुपाली, सॉरी यार, पण दुःखानं माणूस रोज एकाच अक्षरावर थांबत नाही," शरयू म्हणाली. "एकाच अक्षरावर मशीन थांबतं."

ती काकांच्या शेजारी बसली. "काका, सुरुवातीचा एक शब्द खोडा. आणि ‘ब्रे’च्या पुढं लिहा तुम्हाला जे लिहायचंय ते."

काकांनी ‘आमच्या’ हा शब्द खोडला आणि दोन बोटांनी पुढं एक ओळ लिहिली. कोपऱ्यात हिरवं ‘जतन झालं’ उमटलं. शरयूनं पान बंद करून पुन्हा उघडलं. त्या ओळीतली पाच-सहा अक्षरं राहिली होती, बाकीची गेली होती. लेख आता ‘ब्रेक सोडल’पाशी थांबला होता. जेवढी जागा मागं मोकळी झाली, तेवढंच पुढं मावलं होतं.

शरयूनं पान आणखी एकदा उघडून पाहिलं.

"ही चूक माझी आहे," ती म्हणाली. आवाज तोच, ‘होणारच’वाला, खणखणीत. "काकांची नाही. काकांनी रोज लिहिलं. साइटनं रोज टाकून दिलं आणि वर ‘जतन झालं’ असं खोटं सांगितलं. माझी साइट खोटं बोलून राहिली होती."

मग तिनं समजावलं. अर्धवट लेख तिनं कुकीत ठेवला होता. एवढा मजकूर तिथं ठेवायचा नसतो, त्याला ब्राउझरमध्ये दुसरी मोठी जागा आहे. पण हाताशी स्वतःची लायब्ररी होती, म्हणून घातला त्या चिठ्ठीत. चिठ्ठी छोटी असते. त्यात भर म्हणजे मराठी अक्षर त्यात सरळ बसत नाही, सांकेतिक करून घालावं लागतं आणि तेव्हा ते फुगतं. "अक्षराला नऊ जागा. वर काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाला आणखी नऊ. माझं नाव इंग्रजीत सात जागांत मावतं आणि मराठीत छत्तीस खातं. चिठ्ठी भरली की ब्राउझर नवी घेत नाही. भांडतही नाही. जुनीच ठेवून गप्प बसतो."

"पण तू तपासलं नव्हतंस?" मी विचारलं.

"तपासलं होतं. पानभर मजकूर टाकून तपासलं होतं."

"कुठला?"

"इंग्रजी," ती म्हणाली. "मराठीत फक्त ‘नमस्कार, मी शरयू’ एवढंच टाकलं होतं."

आम्हा सगळ्यांचं हेच झालंय. मराठी ‘नमस्कार, कसे आहात’ एवढ्यापुरती, आणि जरा लांबलचक काही सांगायचं म्हटलं की इंग्रजी. पानभर मराठी लिहिणारा माणूस आमच्या मंडळात उरला असेल, हे साइटच्या गावीच नव्हतं. तो एकटा उरला होता आणि त्यालाच आम्ही विसरभोळा ठरवून बसलो होतो.

शरयूनं कोरं पान उघडलं. "काका, सांगा. मी टाइप करते. माझी बोटं दहा आहेत."

काकांनी डोळे मिटले आणि ‘ब्रेक’पासून सुरुवात केली. पद्मिनीनं ब्रेक सोडला. शाळेचं रिकामं पार्किंग, कडेला साचलेला बर्फ, मागच्या सीटवर ओरडणारी रुपाली. पद्मिनीच्या पायात रुपालीचेच बूट होते, एक नंबर मोठे, म्हणून पुढं कागद कोंबला होता. गाडी दिव्याच्या खांबाला वळसा घालून गेली, थांबली, आणि पद्मिनी म्हणाली, "आता कुठं जायचं बोला." काका कुठं अडखळले नाहीत. रोज लिहून रोज गेलेलं सगळं डोक्यात जागच्या जागी होतं.

रुपाली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "कागद कोंबला होता," ती म्हणाली. "हो. बुटात कागद होता. मी साफ विसरले होते, बाबा." तिनं ट्रे खाली ठेवला आणि ओक्साबोक्शी रडू लागली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे गं. तू मागच्या सीटवर होतीस, तुला कुठून दिसणार?"

साइट शरयूनं त्याच दिवशी दुरुस्त केली, पण तिचा राग तेवढ्यानं जाईना. तिच्याबरोबर ही लायब्ररी सांभाळणारा अवधूत कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला असतो. त्याला तिनं फोन केला तेव्हा मी तिच्याच गाडीत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

"पण एवढं मोठं कोण ठेवतं यार कुकीत?" अवधूत म्हणाला.

"मी ठेवलं. आणि मला पत्ता लागला नाही. ब्राउझर गप्प बसतो, तो त्याचा स्वभाव. आपली लायब्ररी का गप्प बसते? चिठ्ठी ठेवल्यावर परत वाचून बघ. नसेल तर बोंब मार."

"वापरणारे कम्प्लेन करतील. आजवर चालत होतं ते अडेल."

"अडू दे. एका माणसाचं त्याच्या घरात चालेनासं झालं होतं, ते चालतं का तुला?"

बदल झाला. होणारच होता. नवी दुरुस्ती तपासायला, म्हणजे तिची ‘टेस्ट’ घ्यायला, त्यात नमुन्याचा मजकूरही घालावा लागतो. तो शरयूनं काकांना विचारून घातला: पद्मिनीकाकू, बूट, खांब, सगळं, मराठीत. आता कुणीही त्या लायब्ररीला हात लावला की मशीन आधी काकांचा लेख ठेवून बघतं. न मावल्यावर लायब्ररी ओरडली, तरच पुढं जाऊ देतं.

पुढच्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. शरयू होती, ऑफिसच्या कपड्यांत.

"इकडून चालले होते," ती म्हणाली. तिचं ऑफिस दुसऱ्या टोकाला आहे. ती सरळ माझ्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

रुपालीनं अनन्याचं शाळेत थांबणं बंद करून तिला पुन्हा बसनं पाठवायला सांगितलं होतं. कोपऱ्यावर काका उभे होते, कानटोपी घालून, बस यायच्या कितीतरी आधी. मग बस आली. ड्रायव्हरनं काकांना हात केला, दार उघडलं आणि अनन्यानं वरच्या पायरीवरूनच ओरडून विचारलं, "आजोबा! यू रिमेंबर्ड?"

"विसरलो होतो कधी?" काका म्हणाले आणि तिचं दप्तर त्यांनी आपल्या खांद्याला लावलं.

"टेस्ट पास," शरयू म्हणाली. मग ते दोघं घरात जाईपर्यंत ती खिडकीतून हलली नाही.