सरांच्या नावाचा शब्द

उचगावच्या बनाबाईनं हयातभर शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापल्या. कोल्हापुरात वाढदिवस असो की पुण्यतिथी, लोक स्मशानाला शेणी दान करतात, त्यावरच तिथली सरणं पेटतात. तिची लेक वर्षाराणी इंग्रजी शिकायला शहरात ऋतुराज सरांच्या क्लासला जायची.

एक दिवस सरांनी नावांचे प्रकार घेतले. फळ्यावर लिहिलं, निकनेम. उदाहरण शोधत नजर वर्षाराणीवर थांबली.

"ही आपली शेणी. वास येतोय न्हवं?"

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी पुढचा शब्द लिहिला, एपोनिम. "माणसाच्या नावाचा शब्द होतो, तो एपोनिम. बॉयकॉट नावाचा साहेब होता. लोकांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. साहेब मेला, नाव डिक्शनरीत राहिलं."

वर्षाराणीनं क्लास सोडला. पण क्लासातल्या पोरांची 'ए शेणी' ही हाक तिच्या मागं बसस्टॉपपर्यंत यायची. ती रडली न्हाय. सरांचा दुसरा शब्द तेवढा जपून ठेवला.

पुढच्या वर्षी सरांचा चाळिसावा वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागला, 'सरांतर्फे भव्य शेणीदान'. शेणी विकत न्यायला टेंपो उचगावला येणार हे कळलं, तशी वर्षाराणी आदल्या दिवशी शेणी थापणाऱ्या बायकांचं दार न् दार फिरली.

"माझ्या आयच्या हाताचा ज्याला वास येतो, त्याला एक शेणी मिळणार न्हाय."

शेजारची धोंडुबाई कचरली. "अगं, दान मयताला हाय, त्याला न्हवं."

"मयताला आपण देऊ की, मावशी. त्याच्या फोटोखाली न्हाय."

दुसऱ्या दिवशी टेंपो या दारावरून त्या दारावर रिकामाच फिरला. शेवटी सर स्वतः उतरले, बनाबाईच्या अंगणात आले.

"वर्षाराणी, दर वाढवून देतो. तिकडं पेपरवाले थांबलेत."

"आज नाव आठवलं व्हय? निकनेमनं हाक मारा की."

"चुकलो बाई. विसर आता."

"वर्गात बोलला, वर्गातच चुकलो म्हणा. त्याच फळ्यापुढं. मग भरा टेंपो."

सरांनी मान खाली घातली, घड्याळ बघितलं आणि टेंपोत बसले. बायका कठड्याला टेकून रिकामा हौदा खडखडत जाताना बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनीच ट्रॅक्टर भरून शेणी स्मशानात पोचवल्या.

आता उचगावात कुणी ऐटीत काही न्यायला आलं आणि रिकाम्या हातानं परतलं, की बनाबाई शेण मळता मळता म्हणते, "झाला गं बया, ह्याचाबी ऋतुराज झाला."