सुवर्णाकाकूंचं आयर्लंड

सुवर्णाकाकूंचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्यावर जीवही होता, पण राग जास्त. अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आमच्या घराला लागून त्यांचं घर, बारा वर्षांचा शेजार. ब्लाउज शिवायचा असो की पॅन्ट आखूड करायची असो, आसपासची सगळी मराठी मंडळी त्यांच्या बेसमेंटमध्ये हजर. लग्नाआधी त्या कराडच्या एका शाळेत शिवणाच्या बाई होत्या. सव्वीस जानेवारीला झेंड्याची घडी घालून आत फुलांच्या पाकळ्या बांधायचं काम त्यांच्याकडे असे, आणि त्याचा तोरा इथे चाळीसेक वर्षं काढूनही उतरला नव्हता. नवरा, आमचे राजेशकाका, अमेरिकन नागरिक झाले. मुलगी कादंबरी तर इथेच जन्मलेली. काकूंनी मात्र भारताचा पासपोर्ट सोडला नाही. "ज्या झेंड्याला या हातांनी गाठ मारली, तो सोडून दुसऱ्याची शपथ घेऊ?" म्हणायच्या. तेव्हा मला ते ऐकायला छान वाटायचं.

कादंबरी शिकायला आयर्लंडला गेली, गॉलवे नावाच्या गावात रमली आणि तिथल्याच डेक्लनशी तिनं लग्न ठरवलं. काकू लग्नाला गेल्या नाहीत. अमेरिकन पासपोर्ट असला की आयर्लंडला नुसतं तिकीट काढून जाता येतं, भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. "त्या व्हिसाच्या भानगडीत कोण पडणार," हे काकूंनी सांगायचं कारण. खरं कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीनं विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. काका एकटेच जाऊन आले. दोन-तीन वर्षांनी काका वारले, तेव्हा कादंबरी तान्ह्या मुलीला घेऊन आली. तेरा दिवस मायलेकी एका घरात राहिल्या आणि चहा-साखरेपलीकडे बोलल्या नाहीत. निघताना कादंबरी म्हणाली, "आई, तू ये ना तिकडे." काकू म्हणाल्या, "बघू."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या बाईकडे बघून. दर वर्षी कादंबरी विचारायची आणि दर वर्षी "बघू."

पीळ सुटला तो नातीमुळे. तिचं नाव इफा. दर रविवारी ती आजीला व्हिडिओ कॉल करायची. दुधाची तहान ताकावर, पण ते ताक काकू मनापासून प्यायच्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या सणाला, सेंट पॅट्रिक्स डेला, इफा म्हणाली, "आजी, विल यू पुट अप अवर फ्लॅग?" झालं. काकूंना झेंडा सांगावा लागतो का? हिरवा, पांढरा, केशरी, तीन उभे पट्टे, एवढं ऐकलं आणि मशीनवर बसल्या. अस्तराचं सॅटिन उरलेलं होतंच. काठी घालायला नेफा शिवला आणि दाराशेजारच्या खोबणीत झेंडा लावला. शिडी मी धरली होती. आम्ही दोघी खाली उभ्या राहून कौतुकानं बघत बसलो.

फोनवर इफानं बघितलं आणि किंचाळली, "आजी! दॅट्स आयव्हरी कोस्ट!"

आयर्लंडच्या झेंड्यात काठीकडे हिरवा असतो. काकूंनी काठीकडे केशरी घेतला होता, आणि तो आफ्रिकेतल्या दुसऱ्याच देशाचा झेंडा झाला होता. केशरी पहिला, ही सवय हाडात मुरलेली. मलाही काही खटकलं नव्हतं. काकू शरमल्या. तेवढ्यात फोनच्या मागून कुणीतरी खो-खो हसलं. कादंबरी होती. "आई, अगं काय केलंस!" म्हणत ती फोनसमोर आली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग काकूही हसल्या. आठ वर्षांत मी त्या दोघींना एकत्र हसताना पाहिलं नव्हतं. नेफा उसवून दुसऱ्या टोकाला शिवेपर्यंत कादंबरी फोनवर होती.

तेव्हापासून इफा मास्तरीण झाली. राजधानी डब्लिन. नाण्यावर हार्प नावाचं तारांचं वाद्य. पैसे युरोत. रस्त्यावरच्या पाट्यांवर आधी आयरिश, मग इंग्रजी. सापच नाहीत देशात. लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख, ते ऐकून काकू म्हणाल्या, "एवढे तर पुण्यात सिग्नलला उभे असतात." चूक झाली की इफा शून्य मार्क द्यायची, काकू खरोखर वहीत लिहून घ्यायच्या. हिरवा कॅथलिक लोकांचा, केशरी प्रोटेस्टंटांचा, आणि मधला पांढरा त्यांच्यातल्या समेटाचा, हे कादंबरीनं सांगितलं. त्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या, चहा न घेताच म्हणाल्या, "सीमा, मला तो व्हिसाचा फॉर्म भरून दे."

जानेवारीत अर्ज केला. कादंबरीनं निमंत्रणाचं पत्र पाठवलं. ते सरकारी छापाचं असतं: माझी आई तीन आठवडे माझ्या घरी राहील, तिच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी माझी. काकूंनी मला ते चार वेळा वाचायला लावलं. पासपोर्ट टपालानं पाठवला, तिकीट मार्चचं काढलं, बेसनाच्या लाडवांचं मनातल्या मनात वजन सुरू झालं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी डेक्लनचा फोन आला. कादंबरी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चाळीस वर्षांची मुलगी.

मी व्हिसाच्या कार्यालयात फोन केला. पलीकडची बाई भली होती. पासपोर्ट लगेच काढून देते म्हणाली, पण मध्ये शनिवार-रविवार होता. तिकडे लोक मातीला फार थांबत नाहीत, तरी डेक्लननं स्वतःहून सुचवलं, "वी कॅन वेट टिल थर्सडे. फॉर आई." तो त्यांना आईच म्हणायचा. मी फोन स्पीकरवर धरला होता. काकू म्हणाल्या, "त्याला सांग, माझ्यासाठी थांबू नका. ताटकळत ठेवू नये, जीव अडकतो."

मी म्हणाले, "काकू, थांबतो म्हणतोय ना तो!"

"आजवर तीच थांबली गं माझ्यासाठी. अजून किती थांबवू?"

सोमवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिकडच्या दुपारच्या एकला आमच्याकडे सकाळचे सात. तिथली चर्च अंत्यविधी इंटरनेटवर दाखवतात. कॅमेरा उंच भिंतीवर, हलत नव्हता. दिसत होती ती फक्त माणसांची डोकी आणि मध्ये ती पेटी. पहिल्या रांगेत इफाचा भांग दिसत होता, दोन वेण्या. काकू तासभर पेटीकडे बघत नव्हत्या, त्या वेण्यांकडे बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "कुणी घातल्या असतील गं?"

बुधवारी पासपोर्ट आला. व्हिसा लागलेला. गुरुवारपर्यंत थांबतो म्हणाला होता तो. मी तो लिफाफा हातात घेऊन ड्राइव्हवेमधल्या बर्फात उभी राहिले आणि मला इतका संताप आला, कुणाचा ते सांगता येत नाही. त्या तोऱ्याचा, त्या "बघू"चा. नागरिकत्वाच्या त्या एका शपथेचा, जी घेतली असती तर ही बाई शनिवारी लेकीच्या उशाशी असती. काकूंना बोलणार होते. दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला, आणि लिफाफा त्यांच्या हातात दिला.

तिकीट कॅन्सल करू का, विचारलं. नको म्हणाल्या.

मार्चमध्ये मी त्यांना एअरपोर्टवर ड्राइव्ह करून नेलं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, हसतमुख. पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, निमंत्रणाचं पत्र मागितलं. काकूंनी पर्समधून काढून दिलं. तिनं वर-खाली वाचलं, सहीपाशी थांबली आणि आनंदानं म्हणाली, "ऑ, विझिटिंग युअर डॉटर! शी मस्ट बी सो एक्सायटेड. इज शी पिकिंग यू अप?"

मी पुढे झाले, पण काकूंनी माझा हात दाबला.

"येस," त्या म्हणाल्या. "शी इज वेटिंग. लाँग टाइम."

मुलीनं बोर्डिंग पास दिला, बॅग पट्ट्यावरून आत गेली. आम्ही बाजूला आलो. काकूंनी पत्राची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खोटं बोलले का गं मी?"

मला "नाही" म्हणायचं होतं. मी त्यांच्या पर्सची चेन उघडून धरली.